दुपारच्या बायका आणि पुणे करार

परवा समाजमंदिरात सगळ्यांनी मिळून माझ्यावर तोंडसुख घेतलं. कारण काय, तर मी 'नाही' म्हणालो.

ठराव असा होता. एका वाहिनीवर दुपारी मालिका लागते. तिच्यातली नायिका आपल्या समाजाची पोरगी. प्रेक्षकांच्या मतांवर 'लोकप्रिय नायिका' म्हणून बक्षीस द्यायचंय, त्यात तिचं नाव लागलंय. तर वस्तीतल्या प्रत्येक मोबाइलवरनं रोज एक मत पडलं पाहिजे. ज्याचा रिचार्ज संपलाय त्याला मंडळ पैसे घालणार. माणशी पन्नास रुपये वर्गणी. चौदा एप्रिलची वही अजून मिटायची होती, तोवर ही दुसरी उघडली.

मी म्हणालो, पोरगी गुणी आहे. तिला एकांकिकेत बघितलंय मी, दहा मिनिटं स्टेजवर नुसती उभी होती आणि लोकांचा श्वास अडकला होता. तिच्याबद्दल वाकडं बोलायची माझी टाप नाही. पण मालिकेत तिचं आडनाव काय आहे ते सांगा. कुणी सांगेना. मग एक वहिनी म्हणाल्या, इनामदार. बरोबर. घरात आपली, पडद्यावर इनामदारांची सून. दारात तुळस, श्रावणात मंगळागौर, सासूच्या पाया पडताना डोक्यावर पदर. मत आपल्या पोरीला पडणार की इनामदारांच्या सुनेला?

त्यावर मागनं एक पोरगा उठला. शिकलेला आहे, वाचतो, मला आवडतो. तो ओरडला, "दादा, मत हे बाबासाहेबांनी हातात दिलेलं हत्यार आहे. तुम्हाला लोकशाहीच मान्य नाही का?" टाळ्या पडल्या. मी गप बसलो. हे बोलणं माझ्या वर्मी लागलं, म्हणून हे लिहितोय. त्या पोराला उद्देशूनच लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं तर वाचलं.

आधी माझ्या आईची गोष्ट. १९९३-९४ ची. आई दादरला एका बिल्डिंगीत धुणंभांडी करायची. केबल नुकती आली होती. दुपारची भांडी आटपली की त्या घरची बाई टीव्ही लावायची आणि आईला म्हणायची, बस गं. आई खाली फरशीवर बसायची, बाई सोफ्यावर. स्टार प्लसवर तेव्हा अमेरिकेच्या मालिका लागत. 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल'. आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण रात्री भाकरी थापताना ती आम्हाला अख्खी कथा सांगायची. कापडवाल्या श्रीमंताचं घर, त्याची खडूस बायको, तिचा पोरगा आणि त्याच्या मागं लागलेली बुरूक. ब्रुक नव्हे, बुरूक. आई म्हणायची, बुरूक आपल्यासारखीच गरिबाघरची आहे, म्हणून म्हातारी तिला घरात घेत नाही.

एकदा तिने विचारलं, "का रे, त्या देशात काळी माणसं नाहीत व्हय? का ती बी आपल्यावानी खाली बसून बघत्यात?"

मी तेव्हा कॉलेजात होतो. पँथर हा शब्द १९७२ साली आपल्याकडे कुठनं आला, १९६६ ला ओकलंडमध्ये तो कुणी उचलला, हे मला पाठ होतं. पण आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला मला बरीच वर्षं लागली.

तर ऐका. या मालिकांना तिकडे सोप ऑपेरा म्हणतात, म्हणजे साबणाचं संगीत नाटक. १९३० साली शिकागोच्या रेडिओवर अर्ना फिलिप्स नावाच्या बाईने 'पेंटेड ड्रीम्स' सुरू केलं, तेव्हापासून हा धंदा. नवरा कामावर, पोरं शाळेत, बाई घरात एकटी. तिला रोज पंधरा मिनिटं रडवा आणि मधे साबण विका. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबणाची कंपनी नुसती जाहिरात देऊन थांबली नाही, मालिकाच स्वतः काढायला लागली. 'गायडिंग लाइट' १९३७ ला रेडिओवर सुरू झाली, १९५२ ला टीव्हीवर आली आणि २००९ ला बंद पडली. बहात्तर वर्षं! आपल्याकडे एवढी वर्षं दुष्काळी योजनासुद्धा चालत नाही. असो.

ज्या बाईसाठी हे चाललं होतं ती गोरी, मध्यमवर्गी, घरमालकीण. त्याच घरात इस्त्री करणारी काळी बाईही तेच बघत होती. ती गिऱ्हाईक म्हणून मोजायची होती, माणूस म्हणून पडद्यावर आणायची नव्हती.

१९६८ ला एलन हॉली नावाची काळी नटी पुढं आली. उजळ रंगाची. काळ्यांच्या भूमिकेला ती गोरी वाटे आणि गोऱ्यांच्या भूमिकेला ती काळी ठरे. या कुचंबणेवर तिने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. ते वाचून 'वन लाइफ टु लिव्ह' या नव्या मालिकेच्या लेखिकेने, अॅग्नेस निक्सनने, तिला बोलावलं. भूमिका काय? कार्ला बेनारी. इटालियन वळणाचं आडनाव, गोरी म्हणून वावरणारी नटी. एका गोऱ्या डॉक्टरशी लग्न ठरलंय आणि जीव जडलाय एका काळ्या डॉक्टरवर. प्रेक्षकांनाही ती गोरीच वाटत होती. तिने काळ्या डॉक्टरचं चुंबन घेतलं तेव्हा फोन खणखणले, टेक्सासातल्या एका स्टेशनने मालिकाच काढून टाकली. मग एक दिवस उलगडा झाला. त्याच गावच्या हॉस्पिटलात साफसफाईच्या खात्यात राबणारी सेडी ग्रे नावाची काळी बाई, ही तिची आई.

दोस्तांनो, हे वाचून तुमच्यातल्या किती जणांच्या पोटात कालवलं? खोली भाड्याने मिळावी म्हणून 'कांबळे'चं काहीतरी भलतंच सांगितलेले आपल्यात किती निघतील? ऑफिसात जयंतीची सुट्टी 'गावी काम आहे' म्हणून घेणारे? आई पालिकेत झाडूवाली आहे हे सासरी न सांगणारे? मी कुणावर बोट उगारत नाही. मीच पहिल्या नोकरीत दोन वर्षं आडनाव पुसट बोलत होतो. हे नाटक अमेरिकेच्या बायकांनी १९६८ ला दुपारी चहा पिता पिता बघितलं. आपल्याकडच्या दुपारच्या मालिकेत सेडी ग्रे कधी आली? आपल्याकडे कार्ला आहे. इनामदार आडनावाची. तिची आई कुठल्याच भागात येत नाही.

एलन हॉलीचं पुढं काय झालं? १९८५ साली तिचं काम संपवलं. १९९६ ला तिने आत्मचरित्र लिहिलं, त्यात गोऱ्या नटांच्या मानाने आपल्याला किती कमी पैशात राबवलं हे तिने सांगितलं. ती २०२३ च्या डिसेंबरात गेली.

आता मतांकडे येतो.

१९७७ साल. 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' या मालिकेत डेव्हिड हा गोरा पोरगा आणि व्हॅलरी ही काळी पोरगी प्रेमात पडलेली दाखवली. व्हॅलरीचं काम टीना अँड्र्यूज करत होती. प्रेक्षकांची पत्रं आली. शिव्यांची. इतकी, की ते प्रेमप्रकरण गुंडाळलं आणि टीना अँड्र्यूजला मालिकेतनं बाहेर काढलं. आता मला सांगा, हे काय होतं? हे मतदानच होतं! पोस्टाचं तिकीट लावलेलं, सही केलेलं. कुणी लबाडी केली नाही, कुणी पेट्या पळवल्या नाहीत. बहुसंख्यांनी आपलं मन स्वच्छ अक्षरात कळवलं आणि एका काळ्या पोरीची भाकरी गेली.

आणि साधारण त्याच सुमाराला प्रेक्षकांच्या मतांवर नट-नट्यांना बक्षिसं द्यायची टूम तिकडे निघाली. या मालिकांवरच चालणाऱ्या 'सोप ऑपेरा डायजेस्ट' या नियतकालिकाने १९८४ पासून आपल्या नावाने बक्षिसं सुरू केली. अंक विकत घ्यायचा, आतली मतपत्रिका भरायची आणि पोस्टात टाकायची. अंक नाही तर मत नाही. १९८४ आणि १९८५, दोन्ही साली मुख्य नायिकेचं बक्षीस गेलं डीड्रा हॉलला. मालिका तीच, 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'. व्हॅलरीला हाकललेलं घर तेच. डीड्रा हॉलच्या कामात खोट होती असं मी म्हणत नाही. पण ज्या टपालाने टीना अँड्र्यूज गेली त्याच टपालाने हे बक्षीस आलं, हे विसरून टाळ्या कशा वाजवायच्या?

कुणी म्हणेल, प्रेक्षक अडाणी असतात, जाणकारांकडे निवाडा द्या. तिकडे तेही आहे. डेटाइम एमी म्हणून बक्षीस आहे, १९७४ पासून. ते प्रेक्षक नाही, धंद्यातलेच लोक ठरवतात. त्यांचा निवाडा बघा. एलन हॉलीच्या नवऱ्याचं काम करणारा अल फ्रीमन ज्युनिअर १९७९ ला मुख्य नट म्हणून जिंकला. 'ऑल माय चिल्ड्रेन'मधली डेबी मॉर्गन १९८९ ला सहाय्यक नटीचं बक्षीस जिंकली, तेही दुसऱ्या एका नटीबरोबर वाटून. आणि मुख्य नायिका? मिशेल मॉर्गन ही पहिली काळी बाई. साल २०२२. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं.

या अठ्ठेचाळीस वर्षांच्या मधे एक गंमत झाली. सुझन लुची नावाची गोरी नटी, 'ऑल माय चिल्ड्रेन'ची एरिका केन. प्रेक्षकांची लाडकी. १९७८ पासून तिचं नाव एमीला लागायचं आणि ती हरायची. अठरा वेळा हरली. अख्खा देश हळहळला, विनोद झाले. १९९९ ला ती एकोणिसाव्या खेपेला जिंकली तेव्हा सभागृह उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. बाईने सोसलं, मान्य. पण त्याच रात्री कुणी असं मोजलं का, की पंचवीस वर्षांत या बक्षिसावर एकाही काळ्या बाईचं नाव कोरलेलं नाही? एकीच्या अठरा हरण्याला गोष्ट असते. जिला उभंच केलं नाही तिच्या हरण्याला आकडाही नसतो.

आता त्या पोराच्या मुद्द्याला हात घालतो. मत हे हत्यार आहे. आहे ना! पण बाबासाहेब मतासाठी भांडले तेव्हा नुसतं 'मत द्या' म्हणून भांडले नाहीत. कुणी कुणाला निवडायचं, यासाठी भांडले. १९३२ च्या ऑगस्टात जातीय निवाडा आला त्यात अस्पृश्यांना दोन मतं होती. एक आपल्या स्वतंत्र मतदारसंघात आपला माणूस निवडायचं आणि दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात. त्यावर येरवड्यात उपोषण झालं, आणि २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करारावर सह्या झाल्या. जागा जवळजवळ दुप्पट झाल्या, १४८. पण दुसरं मत गेलं. आपण फक्त चौघांची यादी करायची, त्या चौघांतला कुठला आवडतो ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. म्हणजे कुणी? त्यांनी. त्यांना पसंत पडेल तो आपला पुढारी. १९५२ ला उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेब पडले आणि निवडून आले काजरोळकर. मतं मोजण्यात काही चूक झाली नव्हती.

प्रेक्षकांच्या मतांचं बक्षीस हा पुणे कराराचाच चुलतभाऊ आहे. बरं, करारात निदान चौघांची यादी तरी आपण करायची होती. इथं यादीही वाहिनी करते. पाच-सहा नावं ते ठरवतात, त्या नावांना कथा ते देतात, कथेत आडनाव ते देतात, आणि सगळं शिजल्यावर आपल्याला म्हणतात, आता बोट दाबा. आपली पोरगी जिंकली तरी ती त्यांना चालणारी म्हणून जिंकणार. तिने पदर घेतला म्हणून. तिने उद्या मालिकेत निळी साडी नेसून दीक्षाभूमीवर उभं राहायचं म्हटलं तर मतं पडतील का? त्याच्याही आधी, तो भाग लिहिला जाईल का?

तिकडे काळ्यांनी काय केलं? त्यांनी स्वतःचा मतदारसंघ काढला. एनएएसीपी ही १९०९ ची संघटना. तिच्या उभारणीत डु बॉइस होते, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिलं होतं. त्या संघटनेने १९६७ पासून आपली बक्षिसं सुरू केली, पुढं त्यात दुपारच्या मालिकेतल्या नटीसाठीही बक्षीस ठेवलं. व्हिक्टोरिया रॉवेल ही 'द यंग अँड द रेस्टलेस'मध्ये १९९० पासून ड्रुसिला नावाची पोरगी करायची. रस्त्यावरची, उर्मट, पुढं नाव काढलेली. काळ्या बायकांचा तिच्यावर जीव. आपल्या लोकांनी तिला हे बक्षीस कित्येकदा दिलं. अभिनयाची डेटाइम एमी एकदाही नाही. पण तिचं मोठेपण बक्षिसात नाही. ती उघड बोलली. म्हणाली, या मालिका बघणाऱ्यांत आमचे लोक एवढे, मग लिहिणाऱ्यांत आमचे का नाहीत? दिग्दर्शक का नाही? काळ्या बाईचे केस विंचरता येईल असा एक माणूस तरी ठेवा. २००७ ला ती मालिकेतनं बाहेर पडली. पुन्हा घेईनात. मी तोंड उघडलं म्हणून घेत नाहीत, असा दावा तिने २०१५ ला कोर्टात लावला.

केस विंचरणारा माणूस! हे वाचलं तेव्हा मी हसलो होतो. मग कळलं, हीच खरी मागणी. बक्षीस वर्षातनं एकदा मिळतं, केस रोज विंचरावे लागतात.

तरी स्वतंत्र बक्षिसानेही काम भागत नाही, हे मी कबूल करतो. आपल्याच लोकांनी आपल्याच बाईला ढाल दिली, तिने भिंतीवर लावली, आणि दुसऱ्या दिवशी तोच गोरा लेखक तिच्या तोंडी वाक्य घालतो. आपल्याकडंही समाजभूषण पुरस्कारांचा काय उकिरडा झालाय ते तुम्ही जाणता. मंडळ तितके पुरस्कार, आणि शालीचा खर्च पुरस्कार घेणाऱ्याचाच.

म्हणून पुढचं ऐका. १९८९ ला एनबीसीवर 'जनरेशन्स' आली. सुरुवातीपासनंच एक काळं कुटुंब कथेच्या मध्यात ठेवलेली मालिका. डेबी मॉर्गन आपली चालती मालिका सोडून तिथं गेली. १९९१ च्या जानेवारीत ती बंद पडली. दोन वर्षंसुद्धा टिकली नाही. त्यानंतर चौतीस वर्षं काही नाही. मग २४ फेब्रुवारी २०२५ ला सीबीएसवर 'बियाँड द गेट्स' सुरू झाली. श्रीमंत काळ्या घराण्याची कथा. लिहिणारी मिशेल व्हॅल जीन, काळी बाई, हिने 'जनरेशन्स'मध्येही लिहिलं होतं. आणि ही मालिका काढण्यात स्वतः एनएएसीपी भागीदार आहे. म्हणजे बक्षीस वाटणाऱ्या संघटनेला शेवटी कळलं की ताट वाढून उपयोग नाही, चुलीपाशी बसलं पाहिजे. बंगलेवाल्या काळ्यांचीच कथा का, सेडी ग्रेची का नाही, हे भांडण मला त्यांच्याशीही करायचंय. पण ते भांडण घरातलं आहे, घरात बसून करता येतं.

आता म्हणाल, दादा, हे सगळं ठीक, पण पन्नास रुपयांत एक पोरगी पुढं जातेय तर तुमचं काय जातं? तिला बक्षीस मिळालं तर पुढचं काम मिळेल. मिळेल, खरं आहे. तिच्या पोटावर मी पाय देत नाही. ज्याला स्वतःच्या खिशातनं मत द्यायचंय त्याने खुशाल द्यावं, मीही देईन. पण मंडळाने ठराव करून, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून, वर्गणी काढून ते करायचं म्हणजे आपण ज्याला चळवळ म्हणतो ती वाहिनीच्या जाहिरात खात्याला फुकट भाड्याने देणं आहे. एका नंबरवरनं रोज एक मत, महिनाभर. ज्याच्याकडे दहा नंबर त्याची दहा मतं. हे कुठल्या घटनेत बसतं? एक माणूस, एक मत, एक मूल्य, असं सांगणाऱ्या माणसाच्या फोटोखाली बसून आपण एका माणसाच्या दहा मतांचा हिशोब करत होतो! मला बोलवेना, ते यामुळे.

आणि एक. त्या पोरीला कुणी विचारलंय का? परवाच्या सभेत तिचं नाव चाळीस वेळा घेतलं. तिला बोलवा की समाजमंदिरात. तिला विचारू, सेटवर तुझ्याशी कोण कसं वागतं? डबा कुणाबरोबर खातेस? तुझं खरं आडनाव तिथं किती जणांना माहीत आहे? ती सांगेल किंवा सांगणार नाही. एलन हॉलीलाही सांगायला १९९६ उजाडलं.

वर्गणीच्या वहीत माझ्या नावापुढं पन्नास रुपये मांडलेत. खोडू नका. त्याचे कागद आणि पोस्टाची तिकिटं आणा. वाहिनीला पत्र लिहू. दुपारच्या तुमच्या मालिका कोण लिहितं, त्यांची नावं कळवा. लिहिणाऱ्यांच्या खोलीत आमच्यातलं कोण बसतं ते कळवा. आणि या इनामदारांच्या सुनेला माहेर आहे की नाही तेही कळवा. मजकूर त्या ओरडणाऱ्या पोराने लिहावा, त्याचं अक्षर चांगलं आहे. रविवारी दुपारी सह्या घेऊ.

आईला सांगितलं तर म्हणाली, माझी बी सही घ्या. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलीय ती सही करायला. फक्त म्हणाली, सोमवार ते शनिवार दुपारी येऊ नका, तेव्हा मालिका असते.